पाच हात, पाच मुठी आणि एक काळीज

(ऐकण्याच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अडखळलो ते काढलंय, आकडे पुन्हा तपासलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)



आजचा भाग पुण्याच्या खोलीतून नाही, गावाकडून रेकॉर्ड करतोय. गाव वाशी. वाशी म्हटलं की ऑफिसात सगळे विचारतात, "स्टेशनच्या कुठल्या बाजूला?" तर ती वाशी नव्हे. आमची वाशी धाराशिव जिल्ह्यातली, बालाघाटाच्या माथ्यावरची, सोयाबीन आणि ज्वारीची. मध्येच कोंबडा आरवला तर समजून घ्या, एडिट करायला वेळ नव्हता.

विषय आहे जमीन मोजायचा. आणि या विषयाकडे मी पुस्तकातून आलो नाही, बांधावरून आलो.

झालं असं. आमच्या पणजोबांना दोन मुलं. थोरल्याची शाखा म्हणजे तात्या, माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. धाकटे म्हणजे माझे आजोबा, आबा. पोलीस अॅक्शननंतर काही वर्षांनी दोघा भावांची वाटणी झाली. रस्त्याकडच्या शेतात थोरल्याला वीस काठ्या रुंदीचा पट्टा, उरलेलं धाकट्याला. मध्ये बांध घातला, बांधावर बाभळ लावली, आणि सत्तर वर्षं कुणी काही बोललं नाही.

गेल्या वर्षी तात्यांच्या मुलानं मोजणी आणली. रोव्हर आला. रोव्हर म्हणजे उपग्रहाच्या मदतीनं जागा ठरवणारं यंत्र, एका उंच काठीवर बसवलेलं. ही काठी लक्षात ठेवा. अर्ध्या तासात निकाल लागला. कागदाप्रमाणे बांध आमच्या बाजूला पावणेआठ फूट सरकायला हवा होता. बांधाची लांबी धरली तर सव्वादोन-अडीच गुंठ्यांचा फरक. जमीन म्हणून फार नाही. पण गावात त्याचा अर्थ एकच निघतो: धाकट्यानं बांध कोरला.

शहरातल्या ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. बांध कोरणं म्हणजे दरवर्षी नांगरताना शेजाऱ्याच्या बांधाची बोटभर माती आपल्याकडं ओढणं. गावात चोरीपेक्षा हलका समजला जात नाही हा आरोप. आबा जाऊन अकरा वर्षं झाली. आणि आता पारावर त्यांच्या नावानं हे बोललं जात होतं. आमच्या आजीनं दोन दिवस नीट जेवण केलं नाही.

मी सॉफ्टवेअरवाला. माझी पहिली प्रतिक्रिया ठरलेली: यंत्र चुकलं नाही तर माणूस चुकला असणार. दुसरी प्रतिक्रिया यायला जरा वेळ लागला. ती अशी, की "वीस काठ्या" हा आकडा कागदावर फुटांत कसा आला?

जुन्या माळवदाच्या घरात, आढ्याला दोन खुंट्यांवर, एक वेळूची काठी आडवी ठेवलेली आहे. लहानपणापासून बघतोय. आंबे पाडायची असेल असं वाटायचं. या वेळी खाली काढली, पुसली. तिच्यावर खाचा होत्या. पाच लांब अंतरं, आणि टोकाला पाच छोटी. आजी म्हणाली, "आरं, ती मोजायची काठी हाय. पाच हात, पाच मुठी."

इथून खरा भाग सुरू.

पाच हात पाच मुठी हे माप इतिहास वाचणाऱ्यांना ओळखीचं आहे. कृष्णाजी अनंत सभासद यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस, जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून शिवाजी महाराजांची बखर लिहिली. तिच्यात स्वराज्याच्या जमीनमोजणीचा हिशोब येतो. काठी पाच हात पाच मुठींची. हात किती, तर चौदा तसूंचा. सगळी मिळून काठी ऐंशी तसूंची. आता हे गणित सोडवा. पाच हात गुणिले चौदा, सत्तर. उरले दहा तसू पाच मुठींना, म्हणजे मूठ दोन तसूंची. अशा वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद जमीन म्हणजे एक बिघा. असे एकशेवीस बिघे म्हणजे एक चावर. इंग्रजी काळच्या कोष्टकांत ही काठी सुमारे ९.४ फुटांची धरलेली आहे. त्या हिशोबानं बिघा पाऊण एकराहून थोडा मोठा.

यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते "हात चौदा तसूंचा" हे वाक्य. ते लिहावं का लागलं? कारण हात कुणाचा, हा प्रश्न होता. साऱ्याची आकारणी बिघ्यावर होते. काठी आखूड केली की त्याच शेतात जास्त बिघे बसतात. जमीन तेवढीच राहते, कागदावरची वाढते, आणि सारा कागदावरच्या जमिनीवर लागतो. मोजणाऱ्या कारकुनाचा हात बुटका निघाला तर रयतेचं नुकसान. म्हणून नाव हाताचं ठेवलं, पण लांबी तसूंत बांधून टाकली. म्हणजे हा हात कुठल्याच माणसाचा राहिला नाही. तो करार झाला.

ही पद्धत काही अचानक उगवली नव्हती. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५०च्या सुमारास, जमिनीच्या मापाचं कोष्टक आहे. चोवीस अंगुळांचा एक हात, दहा हातांचा एक वंश, आणि चारी बाजू वीस-वीस वंशांच्या असलेलं शेत म्हणजे एक निवर्तन. वंश म्हणजे वेळू. म्हणजे तिथंही वेळूची काठी आणि वीस गुणिले वीस. निवर्तन हा शब्द तर आणखी जुना. नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीचा लेख आहे, त्यात भिक्षूंना दोनशे निवर्तनं शेत दिल्याची नोंद आहे. पुढच्या एका लेखात ते शेत कसलं जात नाही म्हणून त्याऐवजी दुसरीकडे शंभर निवर्तनं दिली. जमिनीच्या कागदात दुरुस्ती करायची वेळ सातवाहनांवरही आली होती!

आमच्या जिल्ह्याचा धागा जोडायचा तर परंडा. अहमदनगर मोगलांनी घेतल्यावर निजामशाही काही वर्षं परंड्यातून चालली, आणि चालवणारा होता मलिक अंबर. त्यानं लावलेली आकारणी पुढं "मलिकअंबरी धारा" म्हणून ओळखली गेली. नंतर मोगल, मग हैदराबादचे निजाम. सालारजंगांच्या काळात इकडे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर सर्व्हे सुरू झाला, आणि काठीच्या जागी साखळी आली. तेहतीस फुटांची साखळी. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. आणि गंमत बघा, साखळीच्या तुकड्यांना नाव दिलं आणे. सोळा आण्यांची साखळी. हात-मूठ जाऊन तिथं रुपयाची मोड आली.

मग मला प्रश्न पडला. काठी पूर्ण बसली तर ठीक, पण शेताची कड कधी पूर्ण काठ्यांत संपत नाही. उरतंच काही तरी. त्या उरलेल्याचं लोक काय करायचे? कोडिंगमध्ये आम्ही याला राउंडिंग म्हणतो, आणि निम्म्या चुका तिथंच असतात. हे शोधता शोधता मी पोचलो थेट मेक्सिकोत.

मेक्सिको शहराच्या पूर्वेला तेश्कोकोजवळ तेपेत्लाओस्तोक नावाचं गाव आहे. भाषा नाहुआत्ल, अझ्टेकांची. १५२१ साली स्पॅनिश लोकांनी अझ्टेकांची राजधानी घेतली. त्यानंतर साधारण वीस वर्षांनी या गावाच्या वाड्या-वस्त्यांची जमीनदप्तरं तयार झाली. लिहिणारे स्थानिकच होते, आणि लिहिलं चित्रांनी. त्यातली दोन दप्तरं आजही आहेत. एकाचं नाव व्हेर्गारा कोडेक्स, ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. दुसरं सांता मारिया असुन्सिओन, ते मेक्सिकोत.

दप्तराची रचना आपल्या तलाठ्याला लगेच कळेल. आधी घरवार माणसं. मग प्रत्येक घराची शेतं: शेताचा आकार काढलेला, प्रत्येक कडेला लांबी, आणि मधोमध जमिनीची जात दाखवणारी खूण. आपण अव्वल, दूम, सीम लिहायचो, किंवा काळी, मुरमाड, बरड म्हणतो, तसंच. मग तीच शेतं पुन्हा एकदा, या वेळी क्षेत्रफळासह.

लांबीचं मूळ माप त्लाल्कुआविट्ल. साधारण अडीच मीटर. या शब्दाची फोड केली आणि मी खुर्चीतून उठलो. त्लाल्ली म्हणजे जमीन, कुआविट्ल म्हणजे लाकूड, काठी. जमिनीची काठी! सात समुद्रापलीकडे, आपल्याशी काडीचा संबंध नसलेल्या माणसांनी त्याच गोष्टीला तेच नाव दिलेलं.

एक काठी म्हणजे एक उभी रेघ. वीस काठ्या म्हणजे एक ठिपका. आणि काठीपेक्षा कमी उरलं तर? तिथं चित्र. बाण काढला तर अर्धी काठी. हात काढला तर काठीचे तीन पंचमांश. हृदय काढलं तर दोन पंचमांश. दंड काढला तर एक तृतीयांश. हाड काढलं तर एक पंचमांश. म्हणजे एक ठिपका, तीन रेघा आणि एक काळीज असं दिसलं, तर वाचायचं: तेवीस काठ्या आणि वर एक मीटर.

एक मीटर म्हणजे काळीज का? छातीच्या मध्यापासून पसरलेल्या हाताच्या बोटांपर्यंत माप घेऊन बघा, जवळपास तेवढंच भरतं. त्यांचा "हात" मात्र आपल्या कोपरापासूनच्या हाताएवढा नाही, दीड मीटरचा आहे, आपल्या वावेच्या जवळपासचा. आपल्याकडे दोर वावेनं मोजतात, विहीर परसानं, गजरा हातानं. मंदिराबाहेरची फुलवाली कोपरापासून बोटापर्यंत गजरा धरते ना, ते हाडाचं माप म्हणा. अर्धा मीटर.

या खुणांच्या नेमक्या किमती अलीकडं पक्क्या झाल्या. बार्बरा विल्यम्स या भूगोलाच्या अभ्यासक आणि मारिया देल कार्मेन होर्हे या गणिती, दोघींनी २००८ साली सायन्स या नियतकालिकात हे काम मांडलं. युक्ती सोपी पण कष्टाची. दप्तरात कडांच्या लांब्याही आहेत आणि क्षेत्रफळही आहे. मग हाताची, काळजाची कुठली किंमत धरली आणि कुठल्या रीतीनं गुणाकार केला, तर बरोबर लिहिलेलंच क्षेत्रफळ येतं? शेकडो शेतांवर हे करून बघितलं. बहुसंख्य शेतांचं उत्तर जुळलं. आम्ही याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतो. चारशे-पावणेपाचशे वर्षांपूर्वीच्या लेखनिकाच्या डोक्यातला प्रोग्राम त्यांनी उत्तरावरून बाहेर काढला.

हात अधिक काळीज किती होतात बघा. तीन पंचमांश अधिक दोन पंचमांश. बरोबर एक काठी. दोन बाण, एक काठी. तीन दंड, एक काठी. पाच हाडं, एक काठी. खऱ्या शरीरात असं कधी जुळतं का? नाही जुळत. म्हणजे तिकडेही तेच झालं होतं जे "हात चौदा तसूंचा" म्हणताना आपल्याकडे झालं. नावं शरीराची, किंमत ठरवून दिलेली. ज्याला आपण अडाणी माप म्हणतो, ते खरं तर फार विचारपूर्वक केलेलं प्रमाणीकरण आहे.

क्षेत्रफळ ते कसं लिहायचे, हे ऐका. एक चौकोन. वरच्या कोपऱ्यात एक छोटा उंचवटा, तिथं एक ते एकोणीसपर्यंतचे सुटे. विसांचे गठ्ठे वेगळ्या जागी. आणि एकूण चारशेपेक्षा कमी असेल तर वर मक्याचं कणीस. चारशे का? वीस गुणिले वीस. आता आपली पद्धत ठेवा शेजारी. वीस चौरस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा. तीन बिघे, सात पांड, चार काठ्या म्हणजे तीन गुणिले चारशे, सात गुणिले वीस, अधिक चार. तेराशे चव्वेचाळीस. अगदी तीच घरं: चारशे, वीस, एक. कुणी कुणाचं उचललं नाही. हातापायांची बोटं दोन्हीकडे वीसच. आजी अजून शेळ्या मोजताना "दोन ईसा आन् चार" म्हणते, तिला कुणी नाहुआत्ल शिकवलेली नाही.

फरक एवढाच, की आपण उरलेल्याचं चित्र काढलं नाही. आपण शब्द लिहिला, मूठ. आणि मोडीत पाव, अर्धा, पाऊण यांना उभ्या रेघा दिल्या.

आता त्या गुणाकाराबद्दल, कारण यात रयतेचं पोट आहे. शेत आयताकृती नसेल तर क्षेत्रफळ कसं काढायचं? तेपेत्लाओस्तोकच्या लेखनिकांची एक रीत अशी: समोरासमोरच्या दोन कडांची सरासरी घ्या, दुसऱ्या दोघींची सरासरी घ्या, गुणा. हीच रीत सातव्या शतकात ब्रह्मगुप्तानंही दिली आहे, पण तिला तो स्पष्ट म्हणतो स्थूल. म्हणजे ढोबळ. सूक्ष्म रीत वेगळी.

किती ढोबळ? समजा शेताच्या चारी कडा वीस-वीस काठ्यांच्या, पण बांध तिरके, एका कोपऱ्यात साठ अंशांचा कोन. रीतीप्रमाणे वीस गुणिले वीस, चारशे काठ्या, एक बिघा. खरं क्षेत्रफळ भरतं तीनशे सेहेचाळीस. चोपन्न काठ्या, पावणेतीन पांड जमीन नुसती कागदावर. आणि यातली बोचणारी गोष्ट सांगतो: चार बांधांच्या साध्या शेताला ही रीत लावली, तर चूक कधीच उलट्या दिशेनं होत नाही. उत्तर एक तर बरोबर येतं, नाही तर जास्त येतं. म्हणजे तिरक्या शेताचा मालक नसलेल्या जमिनीचा सारा भरणार.

हे नुसतं गणित नाही. त्याच तेपेत्लाओस्तोकच्या लोकांनी १५५०च्या दशकात स्पेनच्या राजाकडे एक सचित्र तक्रार केली. त्यांच्या डोक्यावर बसवलेले स्पॅनिश वसुलीदार, आपल्या भाषेत जहागीरदार म्हणा, बेसुमार वसुली आणि छळ करत होते, त्याची ती कैफियत. किंग्जबरो कोडेक्स नावानं ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ज्या गावाला आपल्या प्रत्येक शेताची कड काळजापर्यंत मोजून लिहिता येत होती, त्यालाच राजाला चित्रं पाठवून सांगावं लागलं की आमच्याकडून जास्त घेतलं जातंय.

आपल्याकडे बळीची गोष्ट प्रत्येकाला माहीत. तीन पावलं जमीन मागितली, बळी हो म्हणाला. पाऊल कुणाचं, केवढं, हे ठरवून घेतलं नाही. दिवाळीच्या पाडव्याला आजही घराघरांत "इडा पिडा टळो" म्हणतात. मला आता ती गोष्ट मोजणीची वाटते. माप देणाऱ्याच्या अंगाचं नसतं, घेणाऱ्याच्या अंगाचं असतं, तेव्हा असंच होतं.

असो. बांधावर परत येऊ.

काठी अंगणात ठेवली आणि टेपनं मोजली. नऊ फूट. बरोबर नऊ, दोरा इकडंतिकडं. मग मी माझा हात मोजला, कोपरापासून मधल्या बोटापर्यंत, एकोणीस इंच. मूठ सव्वातीन इंच. पाच हात पाच मुठी केल्या तर माझी काठी होते नऊ फूट सव्वातीन इंच. कोष्टकातली काठी ९.४ फूट, म्हणजे नऊ फूट पावणेपाच इंचांच्या जरा वर. तीन हात, तीन काठ्या.

आता वीसनं गुणा. आढ्यावरच्या काठीनं वीस काठ्या म्हणजे एकशेऐंशी फूट. कोष्टकातल्या काठीनं एकशेअठ्ठ्याऐंशी. फरक आठ फूट. रोव्हरनं दाखवलेला फरक पावणेआठ.

म्हणजे दोघा भावांनी वाटणी केली ती घरच्या काठीनं, बांध घातला तो बरोबर घातला. पुढं कधी तरी कुणी तरी "वीस काठ्या" हे शब्द वाचले, कोष्टक उघडलं आणि फुटांत लिहून टाकले. बांध जागेवरच होता. चालला तो कागद.

मला यातून एक गोष्ट कळली. वाटणीला काठीची लांबी किती हे महत्त्वाचं नसतं. दोघांना एकच काठी लागली की न्याय झाला. साऱ्याला आणि सातबाऱ्याला मात्र काठी किती लांब हे माहीत असावंच लागतं. भावाभावांचं माप वेगळं, सरकारचं माप वेगळं, आणि एकातून दुसऱ्यात जाताना सोबत काठी न्यायची असते. आकडा गेला, काठी आढ्यावरच राहिली.

मी हे सगळं वहीत मांडून तात्यांकडे गेलो. आधी त्यांनी वहीकडे बघितलंच नाही. काठी हातात घेतली. अंगणात आडवी ठेवली, पहिल्या खाचेवर आपलं कोपर टेकवलं आणि हात लांब केला. बोटं दुसऱ्या खाचेला अगदी भिडली. काही वेळ तसेच बसून राहिले.

"आमच्या आज्याचा हात हाय ह्यो," म्हणाले.

मोजणीचा कागद अजून आहे, त्याच्या हरकतीचं पुढं काय ते रीतसर होईल. पण त्या संध्याकाळी तात्या आमच्याकडे चहाला आले, वर्षभरानं. आजीनं चहा स्वतः केला. पाराचं मला माहीत नाही, पण घरात तरी तो शब्द पुन्हा निघाला नाही.

मंडळी, तुमच्याकडे जुन्या घरात अशी एखादी काठी, खाचा पाडलेली, आढ्याला किंवा कोठीत असेल, तर आंबे पाडायची समजून मोडू नका. खाली काढा, टेपनं मोजा, आणि किती भरते ते मला कळवा. गावाचं नाव आणि घरात तिला काय म्हणतात तेही सांगा.

भेटू पुढच्या भागात. राम राम.